पोरांना कशाला बोल लावता?

डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूमुळे दोन महिने लिहिणं बंद होतं. पुण्याच्या भाचीने फोन करून "मावशी, लिहायचं सोडलंस का?" असं विचारलं तेव्हा वाटलं, चला, कुणीतरी वाचतं तर! आज जे लिहिणार आहे ते वाचून नात्यातले दोन-चार जण रागावतील. रागवा. पण शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

झालं असं, की दोन रविवारांपूर्वी मिस्सा संपल्यावर आमच्या धर्मग्रामाच्या हॉलमध्ये बैठक होती. विषय होता, तरुण पिढी श्रद्धेपासून दूर का जाते? हा विषय मी गेली चाळीस वर्षं ऐकते आहे. चाळीस वर्षांपूर्वी जी तरुण पिढी दूर चालली होती, तीच आता पांढरे केस घेऊन पहिल्या रांगेत बसून तरुण पिढीबद्दल बोलत होती! चहा आला, सामोसे आले आणि मग कारणं आली. मोबाइल. क्लासेस. रविवारचं क्रिकेट. फादरांची लांबलेली प्रवचनं (हे कारण सांगणाऱ्याने आधी फादर हॉलबाहेर गेल्याची खात्री करून घेतली). शेवटी एका सुशिक्षित, चांगल्या हुद्द्यावरच्या गृहस्थांनी उपाय मांडला. मराठी धर्मशिक्षणाचा वर्ग बंद करावा आणि सगळी मुलं इंग्रजी वर्गात घालावीत. नाहीतरी मुलांना मराठी वाचता कुठे येतं? माना डोलल्या. मी उभी राहिले, दोन वाक्यं बोलले, आवाज चढला, गुडघा दुखायला लागला आणि खाली बसले. तिथे जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहिते.

आधी ऑक्टोबरातली गोष्ट सांगते. ऑक्टोबर म्हणजे जपमाळेचा महिना. आमच्याकडे माझी चुलत नणंद आली होती, हरेगावकडची. वय ऐंशीच्या पुढे, सगळे तिला आक्का म्हणतात. संध्याकाळी आम्ही जपमाळेला बसलो. आक्का माझ्या नातवाला कौतुकाने म्हणाली, "बाळा, पुढचं तू सांग." नातू आठवीत आहे, शहाणा मुलगा, दृढीकरणाच्या वर्गाला नेमाने जातो. त्याने सुरुवात केली, पण इंग्रजीत. त्याला तेवढंच येतं. अर्धं तो म्हणणार आणि उरलेलं अर्धं आपण म्हणणार, अशी ती प्रार्थना असते. त्याचं अर्धं झालं आणि खोलीत कुणीच बोलेना. आक्काला इंग्रजी येत नाही. मी म्हणू शकले असते, पण माझ्याही तोंडून शब्द फुटेना. आक्काने मग हळूच तिचं अर्धं मराठीत म्हटलं. त्याने पुढचं इंग्रजीत, तिने मराठीत. तीन वेळा असं झालं आणि तो लाजून गप्प बसला. "आजी, मला पाठ आहे गं, पण आक्काआजीला येत नाही," असं तो नंतर मला म्हणाला. ती बाई सत्तर वर्षं रोज ती प्रार्थना म्हणते आहे! आणि माझ्या नातवाच्या लेखी तिला ती येत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक त्याची नव्हती. ती आमची होती, आणि आमची म्हणजे नेमकी कुणाची ते पुढे सांगतेच.

माझे वडील मिशनचे मास्तर होते. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) मास्तर म्हणजे शाळेत चार इयत्ता एकट्याने शिकवणारा आणि संध्याकाळी त्याच खोलीत कंदील लावून प्रार्थना घेणारा माणूस. फादर महिन्या-दोन महिन्यांनी घोड्यावरून किंवा सायकलीवरून येत. माझे आजोबा सांगायचे, पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन फादरांना अटकेत टाकलं आणि मायदेशी पाठवून दिलं, तेव्हा गावोगाव मास्तरांनीच रविवार चालू ठेवले. त्या जर्मन येशूसंघीयांपैकी फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ मासिक काढलं होतं, तेही मराठीत! आमच्या लहानपणी ते घरी येई, आणि वडील कंदिलाजवळ बसून मोठ्याने वाचत. आईला अक्षरओळख नव्हती. पण जात्यावर बसली की मारियामाउलीच्या ओव्या रचून गायची, आणि आम्ही भावंडं तिच्या मांडीला टेकून अर्धवट झोपेत ऐकायचो. मला येशूच्या जन्माची गोष्ट पहिल्यांदा कधी कळली ते सांगता येत नाही. ती पिठाच्या वासाबरोबरच आत गेली.

आता एक गंमत बघा. त्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये असे. फादर आमच्याकडे पाठ करून उभे राहत आणि वेदीशी काय पुटपुटत ते आम्हाला ओ की ठो कळत नसे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला परवानगी दिली, तेव्हा कुठे मिस्सेचे शब्द आमच्या कानी अर्थासकट पडले. म्हणजे माझ्या आईवडिलांचं अर्धंअधिक आयुष्य न कळणाऱ्या मिस्सेत गेलं. तरी त्यांची श्रद्धा अशी की दुष्काळात हलली नाही. का? कारण देवळात लॅटिन असलं तरी घरात मराठी होती. शिकवणी घरात होत होती. म्हणून मी इंग्रजी मिस्सेच्या विरुद्ध मुळीच नाही. खुशाल होऊ दे. पण त्या काळी देवळातली भाषा परकी आणि घरातली आपली होती. आज घरात प्रार्थनाच नाही आणि रविवारचा वर्गही परक्या भाषेत नेऊन ठेवायचा, म्हणजे पोराने श्रद्धा उचलायची कुठून?

वर्गाने भागेल असं ज्यांना वाटतं त्यांना मी एकतीस वर्षं शिकवलेली बाई म्हणून सांगते, आठवड्यातून पाऊण तासात कुठलाच विषय येत नाही. आणि इंग्रजी वर्गाने आणखी एक गोष्ट होते, तिच्याकडे बैठकीत कुणाचं लक्षच नव्हतं. आपल्या घरांतल्या बहुतेक आयाबापांनी प्रार्थना मराठीत शिकल्या. मुलाचं धर्मशिक्षणाचं पुस्तक इंग्रजीत आलं की त्यांना ते घेता येत नाही, विचारता येत नाही, चुकलं तर सांगता येत नाही. मग ते म्हणतात, टीचर बघतील. त्या क्षणी आईबाप शिक्षक राहत नाहीत, स्कूटीचे ड्रायव्हर होतात. रविवारी पोराला कंपाउंडमध्ये सोडायचं, बाहेर पार्किंगमध्ये गप्पा मारायच्या, पाऊण तासाने परत न्यायचं. दृढीकरण झालं की तेही संपलं. आमच्याकडे दृढीकरण हा निरोप समारंभ झाला आहे. बिशप येतात, फोटो निघतात, जेवण होतं, आणि पुढच्या रविवारी त्यांतली निम्मी मुलंही दिसत नाहीत.

हे काही माझ्या पदरचं तत्त्वज्ञान नाही. व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटलं आणि आईवडिलांना श्रद्धेचे पहिले प्रचारक. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली धर्मशिक्षणावर लिहिलं त्यातही घरातली शिकवण बाकी सगळ्या शिकवणीच्या आधी येते असंच म्हटलं आहे. बायबलातच बघायचं तर मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा सातवा अध्याय काढा (प्रोटेस्टंट मंडळींच्या बायबलात हे पुस्तक नसतं, ती तक्रार नंतर कधीतरी). सात मुलगे एका आईच्या डोळ्यांदेखत मारले जातात आणि ती त्यांना धीर देते. राजा तिला सांगतो, धाकट्याला समजाव, जीव वाचेल. ती मुलाकडे वाकते आणि बोलते, पण पूर्वजांच्या भाषेत. तिने भाषा कुठली वापरली हे मुद्दाम लिहून ठेवलं आहे. मी कितीतरी वर्षं ते वाचलं आणि माझ्या कधी लक्षात आलं नाही.

आता आपल्या फादर स्टीफन्सकडे येते. मराठी शिकवणाऱ्याला त्यांच्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडचा माणूस, १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं. १६१६ साली रायतूरला ते छापलं गेलं. मराठी भाषेचं कौतुक करणाऱ्या त्यांच्या ओव्या आपण शाळेत शिकलो आणि शिकवल्या, पण पुढची गोष्ट वर्गात सहसा कुणी सांगत नाही. स्टीफन्सनी प्रश्नोत्तरांचं धर्मशिक्षणाचं पुस्तकही कोकणीत लिहिलं होतं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापलं गेलं. म्हणजे प्रश्नोत्तरं त्यांच्याकडे होतीच! तरी त्यांनी पुराण का लिहिलं? ग्रंथाच्या सुरुवातीलाच लोक पाद्रीला विनवतात, की तुम्ही शिकवता ते ठीक, पण आमची जुनी पुराणं बंद केलीत, त्यांच्या जागी आम्हाला वाचायला-गायला काहीतरी द्या. त्या लोकांना पाठांतर नको होतं असं नाही. पण तेवढ्याने घर भरत नव्हतं.

आणि मग १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं, लोकांनी आपली भाषा सोडावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावं. इन्क्विझिशनचे दिवस. पुराणाच्या त्या पहिल्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज कुठे मिळत नाही. तरी पुराण उरलं. कुणी ठेवलं? गोव्याहून कारवार-मंगळूरकडे गेलेल्या घरांनी. हाताने नकलून, उपवासकाळात म्हणून, पोराबाळांना ऐकवून. त्या हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी ते पुन्हा छापलं, १९५६ साली शांताराम बंडेलूंनी देवनागरीत आणलं, आणि २००९ साली फादर नेल्सन फल्काव यांनी सोप्या मराठीतल्या भाषांतरासह काढलं. हे फादर आपल्या नाशिकच्या ‘दिव्यदान’मध्ये शिकवणारे, माझ्या घरापासून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर! एवढं सगळं फर्मानाला पुरून उरलं आणि आम्ही बिनफर्मानाचं, सामोसे खात खात, मराठी वर्ग बंद करायला निघालो आहोत.

तर हे का? नोकरीसाठी इंग्रजी लागते, हे खरं. पण प्रार्थनेवर नोकरी मिळत नाही. शाळा इंग्रजी ठेवा आणि घरात मराठीत हात जोडा, असं करता आलंच असतं. आम्ही ते केलं नाही, कारण आम्हाला लाज वाटत होती. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

नगर-नाशिककडचे आम्ही बहुतेक कॅथलिक कोण आहोत? आमचे आजे-पणजे गावकुसाबाहेरचे. महारवाडा, मांगवाडा. आमची मराठी प्रार्थना त्या वस्तीत, त्या कंदिलाच्या उजेडात शिकलेली आहे, आणि तिला त्या वस्तीचा वास आहे असं आम्हाला वाटतं. इंग्रजी प्रार्थनेला मात्र वांद्र्याचा वास येतो. इंग्रजीत ‘हेल मेरी’ म्हणणाऱ्या पोराला तुझं मूळ गाव कुठलं असं कुणी विचारत नाही. आमची सुटका इंग्रजीने झाली असं आम्हाला वाटलं, आणि त्यात खोटं काही नाही, थोडी झालीसुद्धा. ज्यांना गावचे लोक हातात भांडं देत नव्हते त्यांच्या नातवंडांनी इंग्रजीचा आधार घेतला तर त्यांना नावं ठेवणारी मी कोण?

त्यात दुसरी गोष्ट मिसळली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दाखला हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. जात बदलली नाही, गरिबी बदलली नाही, फक्त दाखला गेला. मग कितीतरी घरांनी कागदावर एक आणि घरात एक असा संसार केला. मी त्यांना खोटारडे म्हणणार नाही, ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही. अन्याय त्या आदेशाचा आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण त्या घरातल्या पोराला लहानपणी काय ऐकू आलं? "शाळेत सांगू नकोस हं. चर्चला जातो म्हणू नकोस." बारा वर्षं त्याला गप्प बसायला शिकवायचं आणि दृढीकरणाच्या दिवशी बिशपांपुढे उभं करून म्हणायचं, आता ख्रिस्ताचा साक्षीदार हो! कसा होईल?

ज्या आजीची लाज वाटते तिच्याकडून वारसा घेता येत नाही. माझा नातू आक्काला काही येत नाही असं म्हणाला ना, ते त्याने माझ्या घरात शिकलं.

हो, माझ्याच घरात. मघाशी म्हटलं होतं, चूक कुणाची ते सांगते. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांना मराठी शिकवली आणि १९८० च्या सुमारास स्वतःच्या मुलाला इंग्रजी शाळेत घातलं. ‘हे’ नको म्हणत होते, हट्ट माझा होता. शाळेत सिस्टर आहेत, धर्म आपोआप येईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढे साडेसातच्या मालिका सुरू झाल्या आणि संध्याकाळची जपमाळ आधी दहा मिनिटं पुढे, मग जेवणानंतर, मग फक्त ऑक्टोबरात, असं होत गेलं. मुलगा कधी ‘नको’ म्हणाला नाही. आम्हीच बोलावलं नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आलं, तेव्हा किती कौतुकाने विकत आणलं होतं! वसईच्या या धर्मगुरूने कित्येक वर्षं खपून आपल्या बोलीला जवळचं वाटेल असं बायबल मराठीत आणलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२० साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आम्ही पेढे वाटले. २०२४ च्या जुलैत ते गेले. त्या दिवशी मी शोकेसमधून ते पुस्तक काढलं, तर पानांना पानं चिकटलेली. पुरस्कार आम्हाला हवा होता, वाचायचं काम मात्र दुसऱ्या कुणाचं!

बैठकीत माझ्या दोन वाक्यांना दोन उत्तरं मिळाली. एक म्हणजे, काळजी कशाला, फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला बघा, पाय ठेवायला जागा नसते. खरं आहे. मीही दरवर्षी जाते, आणि हरेगावच्या मतमाउलीला तर १९४९ पासून माणसं जात आहेत, मी आईच्या कडेवर बसून गेले आहे. पण यात्रेला माणूस नवस घेऊन येतो, मुलगा पास होऊ दे, सून सुखरूप बाळंत होऊ दे. त्यात वाईट काही नाही. आमचे हिंदू शेजारीही त्याच श्रद्धेने मेणबत्ती लावतात. पण गर्दीत शिरलेलं पोर घरी येऊन कुणाबरोबर हात जोडणार, हा माझा प्रश्न आहे.

दुसरं उत्तर जास्त चांगलं होतं, म्हणून त्यावर मी विचार केला. शेजारच्या मल्याळी बाई म्हणाल्या, "टीचर, आमची मुलंही इंग्रजी वर्गालाच जातात, तरी रोज प्रार्थना करतात." बरोबर! कारण त्यांच्या घरी रोज रात्री सगळे मिळून मल्याळममध्ये प्रार्थना करतात, भिंतीतून मला ऐकू येतं. गोव्याची घरं कोकणीत करतात. ज्या घरांत आईबाप स्वतःच इंग्रजीत वाढले ती इंग्रजीत करतात आणि त्यांचंही छान चाललं आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस २०१८ साली जानेवारीत बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांना म्हणाले होते, की श्रद्धा घरच्या बोलीतच पुढे जाते. बोली म्हणजे नुसती भाषा नव्हे, आईबापांचं एकमेकांशी आणि पोरांशी असलेलं प्रेम, असंही ते म्हणाले. मला ते मान्य आहे. मराठी काही जादूचा मंत्र नाही. पण आमच्या घरची बोली मराठी आहे. भांडतो मराठीत, रडतो मराठीत, पोराला ताप आला की कपाळावर हात ठेवून जे बोलतो ते मराठीत. देवाशी तेवढं दुसऱ्या भाषेत कशाला?

तर येत्या बैठकीत मी लेखी सूचना देणार आहे. मराठी वर्ग बंद करू नका. मुलांना वाचता येत नसेल तर वर्गात वाचून दाखवा, पुस्तक हवंच असं नाही, माझ्या आईला कुठे होतं? आणि ज्या मुलाचं नाव घालायचं त्याच्या आईने किंवा बापाने मागच्या बाकावर बसायचं. पार्किंगमध्ये नाही. महिन्याला एक प्रार्थना, अर्थासकट, आणि ती घरी म्हणायची. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली कॅटेकिस्टला ख्रिस्तसभेतली अधिकृत सेवा म्हणून मान दिला, मग आमच्या धर्मग्रामातले सात-आठ निवृत्त शिक्षक काय करताहेत? मी येते. जिना तेवढा चढवत नाही, वर्ग खाली घ्या.

घरचं म्हणाल तर सुरुवात झाली आहे. सूनबाई आधी म्हणाल्या, "आई, त्याचा अभ्यास असतो हो." मग त्याच येऊन बसायला लागल्या. नातवाने विचारलं, "आजी, कृपापूर्ण म्हणजे काय?" मी शब्दाची फोड सांगायला लागले, शिक्षकी सवय! तो कंटाळला. मग आक्काला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, काठोकाठ भरलेली घागर पाहिलीस का? तशी." तिथे काम झालं.

परवा बघते तर त्याने अख्खी ‘नमो मारिया’ मोबाइलवर लिहून ठेवलेली, पण इंग्रजी अक्षरांत! मी ओरडणार होते, की अरे, निदान लिपी तरी आपली ठेव. तेवढ्यात आठवलं, १६१६ साली रायतूरच्या छापखान्यात आमच्या स्टीफन्सचं पुराणसुद्धा रोमन अक्षरांतच छापलं होतं. मी गप्प बसले आणि त्याला म्हटलं, "वाच बघू."